ओळींमधली मोकळी जागा

तबलजीच्या मुलाने ट्रॅक्टरांवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. आमच्या घराण्यात नांगराला कोणी हात लावलेला नाही. आजोबा बडोद्याच्या दरबारी कलावंत कारखान्यात साथीला होते, बाबाही तिथेच लागले, आणि माझे पोट गाण्याच्या शिकवण्यांवर चालते. पण माझी एक शिष्या लग्न होऊन अमेरिकेत आयोवा राज्यात गेली. तिथल्या मराठी मंडळींसाठी महिनाभर वर्ग घ्यायला तिने मला बोलावले, आणि एका रविवारी तिच्या यजमानांनी मला माउंट प्लेझंट या गावी नेले. गृहस्थ मूळचे इंदूरचे, पेशाने यंत्रांचे इंजिनीअर. “गुरुजी, आज तुमची सुट्टी. आज माझे दैवत बघायचे,” असे म्हणून त्यांनी मला गाडीत घातले.

माउंट प्लेझंटला १९५० सालापासून दरवर्षी, सप्टेंबरच्या तोंडावर, जुन्या शेतीयंत्रांची जत्रा भरते. आपल्याकडे बैलांची भरते तशीच. तांबडे, हिरवे, नारिंगी ट्रॅक्टर ओळीने उभे, त्यांना तेलपाणी करणारे म्हातारे, कडेवर पोरे घेतलेल्या लेकीसुना. मी जरा कंटाळूनच हिंडत होतो. इतक्यात मागून एक आवाज आला आणि मी नकळत बोटांवर मात्रा मोजू लागलो. दोन ठोके, मग दोन रिकाम्या मात्रा. पुन्हा दोन ठोके, पुन्हा दोन रिकाम्या. धा धा, आणि पुढे नुसता श्वास. वळून पाहतो तो एक हिरवा, लांबोडका ट्रॅक्टर जागच्या जागी धडधडत होता आणि त्याचा म्हातारा मालक माझ्या बोटांकडे बघून हसत होता.

तो ट्रॅक्टर जॉन डीअर कंपनीचा ‘मॉडेल बी’. त्या म्हाताऱ्याशी माझी तासभर बैठक जमली. परत आल्यावर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. आवाजाचे कोडे पुढे उलगडतोच. पण त्याआधी हे यंत्र झाले कशासाठी ते सांगितले पाहिजे.

ओळीने पेरलेल्या पिकात कोळपणी करावी लागते, हे आपल्या वाचकांतल्या गावाकडे जमीन असलेल्यांना सांगायला नको. ज्वारी असो, कापूस असो, दोन ओळींमधले तण काढायला बैलांच्या मागे कोळपे चालते आणि बैलांनी पीक खाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाला मुसके बांधतात. अमेरिकेत हेच काम मक्यात आणि कापसात घोडे किंवा खेचरे करीत. मक्याच्या दोन ओळींमधले अंतर तिकडे बहुधा ४० ते ४२ इंच असे. हे माप मक्याने मागितलेले नव्हे. मधून घोडा गेला पाहिजे, म्हणून ते पडले. घोड्याच्या अंगाची रुंदी हेच तिथल्या शेताचे परिमाण.

त्यांची हौस याहीपुढची. पेरणीच्या वेळी शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार ताणीत. तारेला ठरावीक अंतरावर गाठी असत, आणि पेरणीयंत्र गाठीवरून गेले की खटका पडून दाणे सुटत. त्यामुळे मका बुद्धिबळाच्या पटासारखा उभाआडवा ओळीत उगवे आणि कोळपणी दोन्ही दिशांनी करता येई. सतारीच्या दांडीवर पडदे बांधावेत तशी ही शेतावर बांधलेली तार, असे मला ते वाचताना वाटले.

आता यात ट्रॅक्टर आणायचा कसा? १९१७ साली हेन्री फोर्डने ‘फोर्डसन’ बाजारात आणला. तो स्वस्त होता, आणि किमतींच्या लढाईत १९२२ साली तर त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली. नांगरट करावी, पट्टा लावून मळणीयंत्र फिरवावे, ही कामे त्याने केली. पण तो बुटका होता. गुडघाभर मका उभा असताना तो शेतात घातला की पोटाखाली रोपे मोडत. म्हणजे वसंतात नांगरटीला ट्रॅक्टर, आणि महिन्या-दीड महिन्याने कोळपणीला पुन्हा घोडे. शेतकऱ्याला दोन्ही पोसावे लागत. घोडा काम नसले तरी खातो. त्या देशात लागवडीच्या जमिनीचा सुमारे चौथा हिस्सा निव्वळ घोड्या-खेचरांच्या वैरणीत जात असे. कोळपणी करणारा ट्रॅक्टर निघत नाही तोवर घोडा तबेल्यातून हलणार नव्हता.

प्रयत्न पुष्कळ झाले. जनरल मोटर्सने १९१९ च्या सुमारास लगाम ओढून चालवायचा एक ‘लोखंडी घोडा’ काढला. शेतकऱ्याच्या हाताला लगामाची सवय, तेव्हा यंत्रालाही लगाम लावू, हा विचार! कल्पना गमतीची होती; खेळ थोड्याच वर्षांत आटोपला. मोलाइन कंपनीच्या ‘युनिव्हर्सल’ ट्रॅक्टरची कल्पना अधिक बरी होती, पण तोही १९२३ च्या पुढे टिकला नाही. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनेही केवळ कोळपणीसाठी एक इंजिनाचे यंत्र काढून पाहिले; तेही चालले नाही. एकाच कामाचे यंत्र घेऊन शेतकऱ्याने वर्षभर काय करायचे?

त्याच कंपनीत बर्ट बेंजामिन नावाचा एक इंजिनीअर होता. जन्म १८७० सालचा आणि आयोवातलाच. नांगरट, पेरणी, कोळपणी, कापणी आणि पट्ट्यावरची कामे सगळी एकाच यंत्राने व्हावीत, हे त्याने मनात धरले. वरच्या लोकांना ते फारसे पसंत नव्हते. कंपनीचा दुसरा ट्रॅक्टर बरा खपत होता; या नव्या पोराने त्याचे गिऱ्हाईक तोडले तर? म्हणून १९२४ साली २०० च नग काढले आणि सुरुवातीची विक्री मुख्यतः टेक्सासकडे ठेवली. नाव ‘फार्मऑल’, म्हणजे शेतीचे सगळे काही.

बेंजामिनने केले ते सांगायला सोपे आहे. पुढची दोन चाके त्याने अगदी जवळजवळ आणली, इतकी की ट्रॅक्टर तीनचाकी वाटावा. ही जोडी दोन ओळींच्या मधल्या जागेतून चाले. मागची मोठी चाके दूर ठेवली. ती त्या दोन ओळींच्या बाहेरून, शेजारच्या मोकळ्या जागांतून जात. मागचा आस उंच उचलला, म्हणजे रोपे पोटाखालून न मोडता निघून जावीत. कोळप्याचे फाळ पुढच्या बाजूला बसवले, म्हणजे चालकाला मान मागे न वळवता दिसावेत. आणि ते सुकाणूला असे जोडले की चाक वळले की फाळही वळावेत. ओळीच्या टोकाला झटकन वळता यावे म्हणून सुकाणू पुरते फिरले की त्या बाजूच्या मागच्या चाकाला आपोआप ब्रेक लागे.

मला यातली मुख्य गोष्ट वाटली ती अशी की, या माणसाने पिकाला यंत्राप्रमाणे वागायला लावले नाही. ओळी जिथे होत्या तिथेच ठेवल्या आणि यंत्राचे पाय त्यांच्यामधल्या जागांवर बसवले. बाबा साथीबद्दल नेमके हेच म्हणत: “गवई जिथे जागा सोडतो तिथे तू उतर. त्याच्या सुरावर पाय देऊ नकोस.”

कंपनीची शंका खोटी ठरली. १९२६ साली इलिनॉय राज्यात रॉक आयलंड येथे फार्मऑलसाठी स्वतंत्र कारखाना निघाला, तोही बुडालेल्या मोलाइन ट्रॅक्टरच्या जागेत. १९३० पर्यंत फार्मऑलचा आकडा एक लाखावर गेला. तिकडे फोर्डने १९२८ सालीच अमेरिकेतले फोर्डसनचे उत्पादन थांबवले होते. पहिले फार्मऑल राखाडी रंगाचे होते. आज जो तांबडा रंग सर्वांच्या डोळ्यांपुढे येतो तो १९३६ च्या अखेरचा. १९३९ साली रेमंड लोई या नामांकित आरेखनकाराकडून त्याला नवे रूप देऊन ‘ए’, ‘बी’, ‘एच’, ‘एम’ अशी अक्षरांची मालिका आणली. यातला ‘एच’ १९५३ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक निघाला. धाकट्या ‘ए’ मध्ये तर इंजिन डावीकडे सरकवून चालकाला उजवीकडे बसवले होते, म्हणजे समोर नुसते पीक दिसावे.

एकाचे चालले की दहा जण उभे राहतात. ॲलिस-चामर्स कंपनीचे नारिंगी ट्रॅक्टर आले आणि त्यांनी निराळाच पराक्रम केला. तोवर ट्रॅक्टरची चाके लोखंडी, त्यांना दातेरी खिळे. रस्त्यावर आणले की हाडे खिळखिळी होत. या कंपनीने १९३२ साली फायरस्टोनच्या मदतीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर लावले. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा १९३३ साली बार्नी ओल्डफील्ड या मोटारशर्यतीच्या बहाद्दराला ट्रॅक्टरवर बसवून त्यांनी तो ताशी ६४ मैल वेगाने पळवला! ट्रॅक्टर पळवून कोळपणी होत नाही, हे खरे. पण जाहिरात झाली. काही वर्षांत बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले. महायुद्धात रबराची टंचाई पडली तेव्हा काही काळ लोखंडी चाके परतली, तेवढेच. १९३५ साली ऑलिव्हरने सहा सिलिंडरांचा ‘सेव्हंटी’ काढला. तो इतका मऊ चाले की इंदूरकर जावईबापूंना त्याचेच वेड. त्यांनी तो मला मुद्दाम ऐकवला. चांगला आहे. तंबोरा जुळल्यासारखा एकसंध गुंजतो. पण मोजायला काही नाही.

मोजायला आहे ते जॉन डीअरमध्ये. त्या कंपनीने आधी तीन ओळींचा ट्रॅक्टर काढून चूक केली. मग १९३४ साली ‘मॉडेल ए’ आणि १९३५ साली धाकटा ‘बी’ आणला आणि बाजी मारली. मागची चाके आसावर आतबाहेर सरकवून ओळीच्या मापाला लावता येत, आणि ‘ए’ मध्ये फाळ उचलायला तेलाच्या दाबाची सोय होती. ‘बी’ १९५२ पर्यंत तीन लाखांवर निघाला. बाकीचे चार-चार, सहा-सहा सिलिंडरांकडे गेले. ही कंपनी दोनच आडव्या सिलिंडरांवर हटून बसली. ‘ए’ च्या एकेका सिलिंडरचा व्यास साडेपाच इंच! भाग थोडे, दुरुस्ती सोपी, आणि मंदीच्या दिवसांत महत्त्वाचे म्हणजे स्वस्तातले जाडे इंधन त्यात जळे. पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की स्वस्त इंधनावर वळवायचे.

आता ठेक्याचे कोडे. अशा इंजिनात एका सिलिंडरचा स्फोट दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच होतो. त्या दोन फेऱ्यांच्या चार मात्रा धरा. दोन्ही दट्टे एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. एक पुढे तर दुसरा मागे. त्यामुळे पहिल्या मात्रेला एक फुटतो, दुसऱ्या मात्रेला दुसरा फुटतो, आणि तिसरी-चौथी रिकामी जाते. ठोके समान अंतरावर ठेवता आले असते, पण मग दोन्ही दट्टे एकाच वेळी एकाच बाजूला धावले असते आणि यंत्र फार हादरले असते. तोल राखण्यासाठी त्यांनी लय लंगडी होऊ दिली. शेतकरी त्याला लाडाने ‘पॉपिन् जॉनी’ म्हणत. तो म्हातारा मला म्हणाला, लहानपणी आई दारात उभी राहून आवाजावरूनच सांगे, कोणाचा ट्रॅक्टर कोणत्या शेतात आहे आणि तो चढावर आहे की उतारावर.

त्याने मला तो सुरू करूनही दाखवला. चावी नाही. सिलिंडरांचे छोटे कॉक उघडून दाब कमी करायचा, बाजूचे जड गतिचक्र दोन्ही हातांनी धरून फिरवायचे. फुस्‌फुस्‌ करीत एकदा बार धरला की कॉक बंद करायचे. म्हाताऱ्याचे वय ऐंशीच्या पुढे. तिसऱ्या हिसड्याला त्याने बार धरला. मी टाळी वाजवणार होतो. सम आल्यावर श्रोता देतो तशी मान दिली.

येथवर सगळे गोड आहे. पण याची दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. १९२० साली अमेरिकेच्या शेतांवर अडीच कोटींच्या आसपास घोडे आणि खेचरे होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांवर आली. घोडे गेले तसे घोडे राखणारेही गेले. दक्षिणेकडे कापसाच्या मुलखात बटाईने जमीन करणारी कुटुंबे, काळी आणि गोरी, लाखांनी होती. मंदीत सरकारने १९३३ पासून कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी पैसे दिले. ते बहुतांशी जमीनमालकाच्या हाती पडले, आणि अनेक मालकांनी त्यातून ट्रॅक्टर घेऊन बटाईदार काढून टाकले. १९३४ साली आर्कान्सा राज्यात या लोकांनी काळ्या-गोऱ्यांची मिळून एक संघटना केली; मार खाल्ला, पण केली. डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी १९३८ साली टेक्सासच्या चिल्ड्रेस परगण्यात घेतलेले एक चित्र आहे. नांगराच्या लांब, वळणदार सऱ्या, आणि त्यांच्या मधोमध एक ओसाड घर. सऱ्या थेट घराला येऊन भिडलेल्या. अंगण, कुंपण, झाड, काही शिल्लक ठेवलेले नाही. चित्रात माणूस नाही, ट्रॅक्टरही नाही. ज्या टेक्सासमध्ये फार्मऑल पहिल्याने भरपूर खपला त्याच टेक्सासमधले हे चित्र, हे कळल्यापासून तांबडा रंग पाहिला की मला ते घर आठवते. पिकाची एकेक ओळ वाचवणाऱ्या यंत्राला घराभोवतीची जागा मात्र वाचवता आली नाही.

हे मी दुरून बघितल्यासारखे लिहू शकत नाही. बाबा पंधराव्या वर्षी कलावंत कारखान्यात रुजू झाले आणि दोनच वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कोणाचा दोष नव्हता. काळ आला आणि सऱ्या दारापर्यंत आल्या. पुढे त्यांनी कारकुनी केली, शिकवण्या केल्या. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. मी पाहिले ते इतकेच की, दरबारात त्यांची हजेरी ज्या वारी असे, त्या वारी ते संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, तबला-डग्गा जुळवून बसत. कोणी बोलावलेले नसे, गवई नसे. तासभर बसत आणि गवसणी घालून उठत. आईने त्या वेळी त्यांना कधी हाक मारली नाही.

आयोवात मला असेच काहीसे आढळले. घोडे गेले, तरी मक्याच्या ओळी ४० इंचांवरच राहिल्या. एकदोन वर्षे नव्हे, कितीतरी वर्षे. पेरणीयंत्रे त्याच मापाची, कोळपी त्याच मापाची, कणसे तोडणारी यंत्रे त्याच मापाची. शेतात जनावर उरले नव्हते, पण त्याच्या अंगाएवढी जागा प्रत्येक दोन ओळींमध्ये मोकळी सोडलेली होती. ती बुजली महायुद्धानंतर बऱ्याच काळाने. तणनाशक औषधे आली आणि कोळपणीचीच गरज घटली, तेव्हा ओळी जवळ आल्या आणि ३० इंचांचे माप रूढ झाले.

तीनचाकी घाटाचे ट्रॅक्टरही त्याच सुमारास मागे पडले. पुढची चाके जवळ असल्याने ते उतारावर कलंडत आणि त्यात माणसे दगावली आहेत. शिवाय १९३९ सालीच फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांनी मागे तीन ठिकाणी अवजार जोडण्याची युक्ती आणली होती, ती पुढे जगभर झाली. जॉन डीअरने आपला दोन ठोक्यांचा हट्ट ३० ऑगस्ट १९६० रोजी सोडला. त्या दिवशी टेक्सासमधल्या डॅलस शहरी हजारो विक्रेत्यांना बोलावून चार आणि सहा सिलिंडरांची नवी पिढी त्यांच्यापुढे मांडली.

आपल्या बडोद्याचा ट्रॅक्टरशी संबंध आहे, तो मात्र अमेरिकेचा नव्हे. १९५९ साली येथे हिंदुस्थान ट्रॅक्टरचा कारखाना निघाला, तो चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने. विश्वामित्रीकडे वाढलेल्या वाचकांना त्याची आठवण असेल. बाबांना त्या बाजूला फिरायला आवडत नसे; आवाजाने ठेका तुटतो म्हणत. त्यांना हा हिरवा ‘बी’ ऐकवता आला असता तर ते काय म्हणाले असते, याचा विचार मी परतीच्या विमानात पुष्कळ केला.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या म्हाताऱ्याने आम्हाला शेतावर बोलावले. शेत आता मुलगा करतो. अवाढव्य यंत्रे, काचेची खोली, ओळी ३० इंचांच्या आणि नजर पोचेल तिथवर. पण घराच्या मागे, कोठाराच्या कडेला, आठ ओळींचा एक तुकडा निराळा होता. तो म्हातारा स्वतः करतो, ‘बी’ ने. मी पावलांनी माप घेऊ लागलो तसा तो म्हणाला, “बेचाळीस.” मुलगा जरा संकोचून म्हणाला, यात उत्पन्न काही नाही, आम्ही हिशेबातही धरत नाही.

मका डोक्यावरून गेला होता. मी दोन ओळींमधून आत शिरलो. अंगाला पाने फारशी न लागता पार पलीकडच्या टोकाला बाहेर पडलो. तिथून ऐकले तर कोठारापाशी म्हाताऱ्याने ‘बी’ पुन्हा सुरू केला होता.